गणपती पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात बसून खरेदी

सांगलीत विश्रामबागला भाड्याचं घर घेतलं तेव्हा स्वयंपाकघरात शेगडीशिवाय काही नव्हतं. मला आमवात आहे. सकाळी बोटं मोकळी व्हायलाच तास-दीड तास जातो आणि एक काम उरकलं की दुसऱ्यासाठी अंगात त्राण उरत नाही. त्यामुळे भांडीखरेदीची धास्तीच होती.

गणपती पेठेतल्या या दुकानात पाऊल टाकताच काकांनी स्टूल पुढे केलं. मी यादी वाचत गेले, ते एकेक वस्तू हातात देत गेले. लांब दांड्याचं पॅन मला उचलवेना, तर त्यांनी दोन कानांची कढई काढली. वजन दोन्ही हातांवर येतं, मनगटात कळ जात नाही. कुकरच्या वेळी तर त्यांची खरी पारख दिसली. बाहेरून बसणारं झाकण फिरवून घट्ट करावं लागतं, ते माझ्याने होईना. मग आतल्या झाकणाचा ३ लिटरचा कुकर दिला. "ताई, चार वेळा लावून-काढून बघा, मग घ्या," म्हणाले. झाकण तिरकं करून आत घालायची सवय लागते, पण पिळावं लागत नाही. आता माझा वरणभात त्यातच होतो.

सामान संध्याकाळी टेम्पोने आलं. दुकानातल्या मुलाने दुसऱ्या मजल्यावर चढवून ओट्यावर मांडूनही दिलं.

डबे मात्र सगळे घट्ट फिरकीच्या झाकणांचे, ते मी घेतले नाहीत. भावही चार पैसे जास्तच. तरी हातात ताकद कमी असेल तर इथेच जा, आणि दुपारी चारच्या सुमारास जा, तेव्हा गर्दी नसते.