रशियन बोलणारं गिऱ्हाईक पाहिजे की रशियातलं? गेम स्टोअरवाल्यांसाठी तीन वाटा

मागच्या महिन्यात एका मित्राचा फोन आला. त्याचं छोटं ऑनलाइन गेम स्टोअर आहे, पीसीचे गेम विकतो, जास्त करून इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र टीमचे, डेव्हलपरशी थेट बोलून करार करतो. म्हणाला, अरे ट्रॅफिकमध्ये रशियन ब्राउझरवाले बरेच दिसायला लागलेत, साइट रशियनमध्ये करून टाकू का? मी म्हटलं टाक की, पण आधी सांग तुला रशियन बोलणारं गिऱ्हाईक पाहिजे का रशियातलं. त्याला वाटलं मी उगाच शब्दांचा कीस काढतोय. पण खरंच सगळा निर्णय तिथेच अडकलाय, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथे जरा नीट लिहितो, अजून कोणी याच विचारात असेल तर उपयोगी पडेल.

गोव्यात मोरजीला गेला असाल तर पटकन कळेल. तिथे शॅकवर मेनू रशियनमध्ये, पाट्या रशियनमध्ये, वेटर पोरांना चार वाक्यं रशियन येतं, आणि यातला एकही शॅकवाला मॉस्कोत दुकान थाटायला गेलेला नाही. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातलं काम थांबवलं, रशियन बँकांची ती कार्डं देशाबाहेर चालेनाशी झाली, तेव्हा तिथल्या टुरिस्टांना रोख घेऊन फिरायची पाळी आली. भाषा तीच, माणूस तोच, फक्त पैसे यायची वाट बदलली. गेम स्टोअरचंही तेच आहे.

तर वाटा तीन. पहिली, साइट आणि सपोर्ट रशियनमध्ये करायचा पण विकायचं रशियाबाहेरच्या लोकांना, म्हणजे कझाकस्तान, जॉर्जिया, इस्रायल, जर्मनी वगैरे. दुसरी, थेट रशियात शिरायचं, रुबलमध्ये. तिसरी, स्वतःचं दुकान बाजूला ठेवून स्टीमसारख्या मोठ्या दुकानात रशियन भाषांतरासकट गेम लावायचा.

आधी रशियाच्या बाजाराबद्दलचा एक जुना गैरसमज काढून टाकू. नव्वदच्या दशकात आणि नंतरही मॉस्कोच्या गोर्बुश्कासारख्या बाजारात पायरेटेड सीड्यांचे ढीग असायचे, त्यामुळे पाश्चात्त्य कंपन्यांचं म्हणणं एकच, रशियात कोणी पैसे देत नाही. स्टीमवाल्या व्हॉल्व्हचे गेब न्यूवेल यांनी २०११ मध्ये जाहीर सांगितलं की आम्ही शिरलो तेव्हा सगळे म्हणत होते तुम्ही बुडणार, आणि आता युरोप खंडात जर्मनी सोडली तर रशियाच आमचा सगळ्यात मोठा बाजार आहे. त्यांचा मुद्दा असा की रशियन लोक सगळं चोरतात असं म्हणणारेच लोक गेमचं रशियन भाषांतर आणायला सहा महिने लावतात, आणि चोरटा माल तोपर्यंत रशियन बोलत असतो. मला हे अजूनही शंभर टक्के पटतं. आजही स्टीमच्या महिन्याच्या सर्व्हेत इंग्रजी आणि चिनीच्या मागे बहुतेक वेळा रशियनच तिसरी असते. म्हणजे गिऱ्हाईक आहे आणि पैसे देतं, हा प्रश्न मिटला.

मग दुसरी वाट, रुबलवाली, का नको? तीच सगळ्यात चकचकीत दिसते म्हणून तिच्यावरच जास्त बोलतो.

एक तर स्वस्त किंमत गळते. रशियासाठी किंमत कमी ठेवली की ती रशियातच राहील असं कोणी समजू नये. आपल्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमवर रुपया आला, त्याआधी आपण डॉलरमध्ये मोजायचो, आणि कुठल्यातरी ग्रुपवर कोणीतरी रशियन गिफ्ट कॉपी, म्हणजे रशियात विकत घेऊन भेट म्हणून पाठवलेला गेम, मिळवून देणारा असायचाच, अर्ध्याहून कमी पैशात, लोक मिटक्या मारत घ्यायचे. मीही घेतलेत, कशाला खोटं बोला. २०१४ साल उजाडलं तेव्हा एक डॉलर साधारण ३३ रुबलला होता आणि १६ डिसेंबरला एका दिवसात ८० च्या आसपास जाऊन आला, म्हणजे रुबलमध्ये लावलेल्या किंमती बाहेरच्या माणसाला फुकटात पडल्यासारख्याच. त्याच महिन्यात स्टीमने गिफ्टवर प्रदेशाचं कुलूप घातलं, म्हणजे तिथे घेतलेली गिफ्ट बाहेर उघडेना. स्टीमकडे कुलूप बनवायला माणसं आहेत, तुमच्याकडे एक वर्डप्रेसवाला पोरगा आहे.

दुसरं, पैसे घेणार कसे? रशियातला माणूस आज देशातल्या देशात मीर या त्यांच्या स्वतःच्या कार्डाने नाहीतर एसबीपीने पैसे भरतो, एसबीपी म्हणजे त्यांचं यूपीआयच समजा, २०१९ मध्ये सुरू झालं. दोन्हींची गाठ रशियन बँकांशी, परदेशी छोट्या स्टोअरला ती थेट मिळत नाहीत, मध्ये कोणीतरी लागतो. आणि मधला किती भरवशाचा? बाहेरची कार्डं गेल्यावर कितीतरी लोक किवी वॉलेटवर अवलंबून होते, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाच्या मध्यवर्ती बँकेने किवी बँकेचं लायसन्सच काढून घेतलं. एका दिवसात गेटवे गायब. वर तुमची इथली बँक विचारणार हा पैसा कुठून आला, आणि त्याला एका ईमेलमध्ये उत्तर देता येत नाही. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये परदेशी व्यापार रुपयात मिटवायची सोय काढली, वोस्ट्रो खाती, म्हणजे परदेशी बँकांची आपल्या बँकांतली रुपयाची खाती, वगैरे, हे मला माहितीय आणि मित्रानेही तेच काढलं होतं, पण अरे पाच डॉलरच्या गेमसाठी कुठली बँक ते कागद रंगवत बसणार?

तिसरं कायदे. परदेशातून डिजिटल वस्तू विकणाऱ्यांवर रशियाने २०१७ पासून व्हॅट लावला, लोक त्याला गूगल टॅक्स म्हणायचे. आणि सप्टेंबर २०१५ पासून रशियन नागरिकांचा वैयक्तिक डेटा रशियातल्याच सर्व्हरवर ठेवायचा नियम आहे. तो पाळला नाही म्हणून लिंक्डइन २०१६ मध्ये तिथे ब्लॉक झालं. लिंक्डइन! तिथे तुमची काय कथा.

आता इथे दोन मोठी दुकानं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत, एक स्टीम आणि एक पोलंडचं गॉग.

गॉग सुरू केलं सीडी प्रोजेक्टने, वॉर्सात १९९४ मध्ये दोन पोरांनी सुरू केलेली कंपनी. पोलंडमध्येही तेव्हा पायरसीचाच बाजार, तर यांनी १९९९ मध्ये बाल्डर्स गेट हा गेम आख्खा पोलिशमध्ये आणला, नावाजलेल्या नटांचे आवाज घालून, आणि पहिल्याच दिवशी १८ हजार कॉप्या गेल्या. चोरट्या मालाशी किंमतीत भांडायचं नाही, भाषेत आणि खोक्यात, म्हणजे पॅकिंगमध्ये, हरवायचं, हा धडा त्यांच्या अंगात आधीपासून. २००८ मध्ये गॉग आलं, डीआरएम, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप, नसलेले गेम, पुढे साइट रशियनमध्येही झाली. मग युद्ध सुरू झालं आणि मार्च २०२२ च्या सुरुवातीलाच त्यांनी रशिया आणि बेलारूसमधली विक्री बंद केली. मायक्रोसॉफ्ट, सोनी, एपिक, ईए सगळ्यांनी त्याच दिवसांत रशियातली विक्री थांबवली. स्टीम मात्र पूर्ण बाहेर पडलं नाही, रुबलच्या किंमती राहिल्या, फक्त कार्ड चालेना, मग लोक कोणी मध्यस्थाला कमिशन देऊन वॉलेट भरतंय, कोणी अकाउंट कझाकस्तानचं करतंय असं सुरू झालं.

कोण बरोबर कोण चूक यात मी पडत नाही, माझं मत आहे पण ते इथे कामाचं नाही. कामाचं हे, की गॉगने देश सोडला म्हणून रशियन भाषेवर केलेला खर्च पाण्यात गेला नाही, बर्लिनमधला आणि कझाकस्तानच्या अल्माटीतला माणूस रशियनमध्ये साइट वाचून गेम घेतोच आहे. रुबलच्या मागे जो खर्च केला असेल, गेटवेचे करार, किंमतीची टेबलं, तो मात्र एका आठवड्यात शून्य झाला.

म्हणून पहिली वाट. कझाकस्तानपासून सुरू करा असं माझं म्हणणं. तिथे रशियन घराघरात चालतं, कार्डं चालतात, आणि १ मार्च २०२४ पासून आख्खा देश एकाच वेळेवर आणलाय, आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे. म्हणजे पुण्यात दिवसपाळीला बसलेला सपोर्टचा माणूस अल्माटीच्या गिऱ्हाइकाला जागेपणीच उत्तर देतो, मॉस्को अडीच तास मागे, जर्मनी हिवाळ्यात साडेचार. लहान स्टोअरला रात्रपाळी परवडत नाही तेव्हा हे फार मोठं आहे. किंमत ठरवताना जर्मनीची किंमत कझाकस्तानला लावू नका, स्टीमनेही २०१७ पासून तेंगे, म्हणजे तिथलं चलन, वेगळं ठेवलंय. जर्मनीत आणि इस्रायलमध्ये जुन्या सोव्हिएत देशांतून गेलेले लाखो लोक आहेत, ते युरोत आणि शेकेलमध्ये देतात, कार्डाचा काही त्रास नाही, फक्त युरोपचा व्हॅट गिऱ्हाइकाच्या देशाप्रमाणे लागतो, तो सांभाळणारा पेमेंटवाला निवडा जो स्वतःच्या नावावर विक्री दाखवतो आणि टॅक्स भरतो. चार पैसे जास्त घेईल, घेऊ द्या.

युक्रेनला यात परस्पर धरू नका. तिथे रशियन बोलणारे खूप आहेत हे खरं, पण जुलै २०२२ पासून तिथल्या गिऱ्हाइकांसाठीच्या साइट आधी युक्रेनियनमध्ये उघडायला हव्यात असा कायदा आहे, आणि कायदा सोडा, आत्ताच्या दिवसांत कीवमधल्या माणसाला आपोआप रशियन पान दाखवणं म्हणजे निव्वळ बेअक्कलपणा. देशावरून भाषा ठरवू नका, माणसाला निवडू द्या.

तिसऱ्या वाटेबद्दल थोडक्यात. तुमचे स्वतःचे गेम असतील तर स्टीम सोपं, गेममागे १०० डॉलर भरायचे, विक्रीतले ३० टक्के ते ठेवतात, टॅक्स, कुलूप, रिफंड सगळं त्यांच्या डोक्यावर. पण तुम्ही दुसऱ्यांचे गेम विकत असाल तर ही वाट तुमची नाहीच, डेव्हलपर म्हणेल मी थेट जातो, तू मध्ये कशाला. मित्राचं नेमकं हेच दुखणं होतं.

आता भाषांतर. इथे लोक पैसे वाचवायला जातात आणि आपटतात. मी आधी एका ठिकाणी काम करायचो, नाव नको, तिथे मशीनने साइट रशियनमध्ये करून घेतली आणि फुकट गेमच्या पानावर बेसप्लात्ना ऐवजी स्वबोद्नी पडलं. म्हणजे मराठीत मोफतच्या जागी स्वतंत्र. आठवडाभर आम्ही स्वतंत्र गेम वाटत होतो आणि रशियन पोरं स्क्रीनशॉट फिरवत होती.

गंमत म्हणजे रशियनच्या खाचाखोचा इंग्रजीवाल्यापेक्षा आपल्याला लवकर कळतात. इंग्रजीत जिंकला असं सांगायला एक वाक्य पुरतं, रशियनमध्ये भूतकाळात खेळणारा पुरुष की बाई ते क्रियापदात दिसतं, वीइग्राल आणि वीइग्राला, अगदी आपलं तू जिंकलास, तू जिंकलीस. म्हणजे प्रोफाइलमध्ये ते विचारायचं नाहीतर वाक्यच फिरवून लिहायचं. तू आणि तुम्ही तर आहेच, रशियनमध्ये 'ती' म्हणजे तू आणि 'वी' म्हणजे तुम्ही. आकड्यांचा मात्र वेगळाच ताप, एक इग्रा, दोन इग्री, पाच इग्र, आणि एकवीस म्हटलं की परत इग्रा. कार्टमध्ये हे चुकलं की साइट परक्या माणसाने बनवलीय हे पहिल्या सेकंदाला कळतं. शिवाय शब्द लांब असतात, बटणं फाटतात, फॉन्टमध्ये सिरिलिक, म्हणजे रशियन लिपी, आहे का ते आधी बघा. आणि सेल नाताळला लावू नका, त्यांची खरी भेटवस्तूंची धावपळ ३१ डिसेंबरच्या आधी असते, ऑर्थोडॉक्स नाताळ ७ जानेवारीला येतो.

मित्राला मी एवढंच म्हटलं की सगळ्यात आधी रिफंडचं पान आणि सपोर्टची उत्तरं रशियनमध्ये कर, माणसाकडून, मग कार्ट, गेमची वर्णनं सगळ्यात शेवटी. त्याला उलटं वाटलं होतं. पण वर्णन कच्चं असलं तरी ट्रेलर बघून माणूस गेम घेतो, पैसे अडकल्यावर मात्र त्याला स्वतःच्या भाषेत भांडायचं असतं.

रुबलचा नाद त्याने सोडला. जॉर्जियातल्या टिबिलिसीत राहणारी एक भाषांतरकार मिळाली, पहिल्याच दिवशी तिने विचारलं, तुमची साइट गिऱ्हाइकाशी 'ती' म्हणून बोलते का 'वी'? याने मला फोन लावला, अरे काय सांगू. मी म्हटलं, पैसे मागतोयस ना? मग वी.