नायट्रोत मुलीला बसवू का? सांगलीच्या एका फिटरचा अनुभव

मी सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात फिटर आहे. हंगाम बंद झाल्यावर मे महिन्यात चार दिवसांची रजा मिळाली आणि आम्ही खोपोलीच्या इमॅजिकाला जाऊन आलो. मी, बायको, थोरली (वय १२), धाकटा (वय ८) आणि मेव्हणा. पार्कबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण मी फक्त तिथल्या नायट्रो या रोलर कोस्टरबद्दल लिहितोय. जायच्या आधी पंधरा दिवस आमच्या घरात एकच विषय होता, पोरीला त्यात बसवायचं की नाही. मला तेव्हा नीट सांगणारं कुणी भेटलं नाही. एक म्हणायचा, "काही होत नाही, बसवा बिनधास्त." दुसरा म्हणायचा, "पोराबाळांना घेऊन तिथं कशाला जाता?" या दोन्हींचा मला उपयोग झाला नाही.

आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे माझा जीव एवढा का अडकला होता ते कळेल. थोरली सहा वर्षांची असताना एका जत्रेत मी तिला कोलंबसमध्ये बसवलं होतं. ती "पप्पा नको" म्हणत होती. मी म्हटलं, काही नाही होत, मी आहे ना. होडी वर जायला लागली आणि लक्षात आलं की समोरचा दांडा माझ्या पोटाला लागतोय, पण तिच्या पुढं वीतभर जागा मोकळी आहे. मी एका हातानं दांडा आणि दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरून बसलो. ती ओरडत होती, तसा चालवणारा आणखी जोर देत होता, कारण लोक ओरडले की त्याला वाटतं मजा येतेय. उतरल्यावर ती माझ्याशी रात्रभर बोलली नाही. त्यानंतर सहा वर्षं ती साध्या आकाशपाळण्यातसुद्धा बसली नाही. ती चूक माझी होती. आणि यंदा वर्गातल्या मैत्रिणीच्या मोबाइलवर नायट्रोचा व्हिडिओ बघून तीच म्हणाली, "पप्पा, मला यात बसायचंय."

बायकोचं म्हणणं सरळ होतं. "अहो, जत्रेतल्या होडीत रडलेली पोर. त्यात कशी बसेल? आणि तुम्ही परत तिला भरीला घालू नका." मी म्हटलं, मी भरीला घालणार नाही आणि अडवणारही नाही. तिथं जाऊन आधी बघू.

नायट्रोची माहिती थोडक्यात अशी. उंची ४० मीटर, म्हणजे साधारण तेरा मजल्यांची इमारत. वेग ताशी १०५ किलोमीटरपर्यंत जातो आणि वाटेत पाच वेळा माणूस उलटा होतो. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार्ड या कंपनीनं ती बनवलीय. ही कंपनी १९८८ पासून हेच काम करते. गाडीला पायाखाली फळी नाही. बसून झाल्यावर स्टेशनची जमीनच खाली सरकते आणि पाय लोंबकळायला लागतात. एका रांगेत चार जण बसतात.

आकडे ऐकून पोटात गोळा येतो हे खरं आहे. पण आकड्यांवरून ठरवू नका. आम्ही सकाळी चिंचवडच्या पाहुण्यांकडून निघून साडेदहाला आत शिरलो आणि आधी अर्धा तास नुसते खाली उभे राहून गाड्या बघितल्या. मेव्हणा कंटाळला. "दाजी, इथं मशीन तपासायला आलाय का?" म्हणाला. आलोच होतो.

पहिली गोष्ट मला आवाजावरून कळली. गाडी साखळीवर चढताना खट-खट-खट-खट असा आवाज येतो. लोक तो ऐकून घाबरतात. माझ्यासाठी तो रोजचा आवाज आहे. मिलचा रोलर चेन ब्लॉकनं उचलताना दातांवर डॉग, म्हणजे मागं फिरू न देणारा खटका, पडतो, तोच हा आवाज. साखळी तुटली तरी गाडी मागं घरंगळू नये म्हणून तो डॉग प्रत्येक दातात पडत असतो. तो खटका वाजतोय म्हणजे अटकाव त्याच्या जागी काम करतोय. थोरलीला मी हेच सांगितलं. ती कारखान्यात गव्हाण पूजनाला आलेली आहे, केन कॅरियर, म्हणजे ऊस वर नेणारी साखळी, तिनं बघितलीय. तिला पटकन समजलं.

दुसरी गोष्ट चाकांची. गाडी वळणावरून जवळून गेली तेव्हा मी फक्त चाकांकडे बघितलं. रुळाच्या वर चाक, बाजूला चाक आणि खालूनही चाक. म्हणजे गाडी रुळावर नुसती ठेवलेली नाही, रुळाला तिन्ही बाजूंनी धरलेली आहे. उलटी झाली तरी ती सुटायला जागाच नाही. "उलटं झाल्यावर पडलो तर?" हा प्रश्न धाकट्यानं दहा वेळा विचारला होता. त्याला मी मूठ वळवून दाखवली, वर अंगठा, खाली बोटं.

तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. या गाडीला स्वतःचं इंजिन नाही. साखळी तिला वर नेऊन सोडते, पुढचं सगळं उंचीवर चालतं. ४० मीटरवरून काहीही खाली आलं की ताशी शंभरच्या आसपास वेग होतोच, तो कुणी वाढवत नाही. जत्रेत वेग चालवणाऱ्याच्या हातात असतो, पोरं ओरडली की तो आणखी जोर देतो. इथं तुम्ही कितीही ओरडा, गाडी मघाच्या गाडीसारखीच जाणार. दुपारी उन्हानं ग्रीस पातळ झालं की किंचित जोरात पळत असेल, तेवढाच फरक. म्हणून मी म्हणतो, खाली उभं राहून तीन गाड्या पूर्ण बघा. जे दिसतंय तेवढंच होणार आहे. घरी बसून जी भीती वाटते तिला माप नसतं, इथं उभं राहिल्यावर ते माप मिळतं.

तिसरी गाडी गेल्यावर मी थोरलीला विचारलं, भीती वाटते का हे नाही, नक्की कुठं वाटते ते. ती बराच वेळ बघत राहिली. मग वरच्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाली, "उलटं होतात त्याची नाही. ते वर गेल्यावर एक सेकंद थांबल्यासारखी होते ना, त्याची." एवढं बारीक सांगता येतंय म्हणजे ती नुसती मैत्रिणीचं ऐकून आलेली नाही, हे मला तिथं कळलं.

तरी आम्ही थेट नायट्रोला गेलो नाही. आधी गोल्ड रश एक्स्प्रेस. ती घरच्या सगळ्यांनी बसायची गाडी आहे, धाकटासुद्धा बसला आणि हसत उतरला. मग डीप स्पेस. ती बंद जागेत अंधारात पळते आणि सुरुवातीलाच झटक्यात सुटते. पुढचं वळण दिसत नसल्यामुळे अंगाला तयारी करायला वेळ मिळत नाही. मला स्वतःला मनानं ती जड गेली. थोरली उतरून म्हणाली, "अंधार नको, नायट्रो उजेडात आहे ते बरंय." हा क्रम सगळ्यांनी पाळावा असं मी मनापासून सांगतो. पहिल्या पायरीवरच पोराचा चेहरा पांढरा पडला तर तिथंच थांबा, दिवस वाया जात नाही.

आता शरीराचं. मेव्हण्याला बीपीची गोळी चालू आहे. दाराशी पाटीवर स्पष्ट लिहिलंय: हृदयविकार, रक्तदाब, मान-पाठीचं दुखणं, गरोदरपण असेल तर बसू नका. त्यानं वाचलं आणि बाजूला झाला. त्याला कुणी आग्रह केला नाही, हे मला आवडलं. बायकोला घाटात मळमळतं, तिनं आधीच नाही सांगितलं होतं. राहिलो मी. माझी मान वर्षातून दोनदा धरते. हंगामात वाकून काम करून करून ती तशी झालीय.

मानेचं एवढं का, तर माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं. अशा मोठ्या कोस्टरवर उताराच्या तळाशी आणि लूपमध्ये, म्हणजे रुळाच्या उभ्या वेढ्यात, शिरताना वजन चारपटीपर्यंत जाणवतं. म्हणजे क्षणभर मानेवर वीस किलोची तांदळाची पिशवी. चांगल्या मानेला हे काहीच नाही, बारा वर्षांच्या धडधाकट पोरीलाही नाही. पण दुखऱ्या मानेनं विचार करावा. घरी आल्यावर मी वाचलं की १८९५ मध्ये अमेरिकेत कोनी आयलंडला फ्लिप फ्लॅप नावाच्या गाडीचा लूप पूर्ण गोल होता, त्यानं लोकांच्या मानांना इजा व्हायची. पुढं ती बंदच पडली. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात जर्मन इंजिनिअर वेर्नर स्टेंगेल यांनी थेंबाच्या आकाराचा लूप केला, वर अरुंद आणि खाली पसरट. त्यामुळे गाडी लूपमध्ये शिरताना अंगावर एकदम दाब येत नाही. लूप गोल का नाही, हे मला खाली उभं असतानाच खटकलं होतं. त्याचं उत्तर असं मिळालं.

पोरीसाठी मी बसायचं ठरवलं. रांग पाऊण तासाची होती. उंचीच्या पट्टीखाली ती आरामात पास झाली. मी मुद्दाम मधली रांग घेतली. पुढं उंची दिसते. अगदी मागची रांग टोकावरून खेचून खाली नेली जाते, झटका तिथं जास्त. पहिल्यांदा बसणाऱ्याला मधलीच बरी.

खांद्यावरून येणारा दांडा खाली आला, त्याला पट्टा लावला. मग तिथल्या पोरानं प्रत्येकाचा दांडा हातानं वर ओढून बघितला. थोरलीचा त्यानं दोनदा ओढला. मी तिच्या छातीकडे बघत होतो. जागा कुठंच नव्हती. वीतभर तर सोडाच, दोन बोटंसुद्धा शिरली नसती. सहा वर्षांपूर्वीचं मनगट मला आठवलं आणि हात आपोआप तिकडं गेला. ती म्हणाली, "पप्पा, सोडा. मला पकडायला जागा आहे." तिनं दोन्ही हातांनी मुठी धरल्या होत्या. मी विचारलं, उतरायचं का? अजून उतरता येतं. ती नाही म्हणाली.

जमीन सरकली. खट-खट सुरू झालं. ती मोठ्यानं मोजायला लागली, कुठपर्यंत मोजलं ते मला ऐकू आलं नाही. टोकाला खरंच एक क्षण सगळं गप्प होतं, आवाज बंद पडतो, कारण साखळी सुटते. तिला ज्याची भीती होती तो तोच क्षण. मग पोट वर येतं. लहानपणी पावसाळ्यात कृष्णेच्या घाटावरून उडी मारल्यावर पाण्याला लागेपर्यंत पोटात जसं व्हायचं, अगदी तसंच, फक्त जास्त वेळ. नंतरची उलटापालट मला धड आठवत नाही. डोकं मागच्या गादीला टेकवून ठेवा आणि समोर रुळाकडे बघा, एवढं माझ्या लक्षात होतं म्हणून मान वाचली. खालच्या वळणात पायाच्या पोटऱ्या आवळून धरल्या, त्यानं डोळ्यांसमोर अंधारी आली नाही. चढण सोडली तर मिनिटभराचाच खेळ आहे.

गाडी ब्रेकवर थांबली तेव्हा थोरली रडत होती. माझ्या काळजात चर्र झालं. दांडा वर गेल्याबरोबर म्हणाली, "परत."

परत मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मान उजवीकडे वळत नव्हती, गरम पिशवीनं संध्याकाळपर्यंत सुटली. ती माझ्या मानेची गोष्ट आहे, गाडीची नाही, आणि मला ती आधी माहीत होती. तुमची मान किंवा कंबर आधीच कुरकुरत असेल तर पोराबरोबर मामाला, काकाला पाठवा. तेही नसतील आणि पोर उंचीत बसत असेल, तर एकटीलाही जाऊ द्या. थोरली दुसऱ्यांदा एकटीच गेली, शेजारी नाशिकच्या दोन मुली होत्या. बायको खाली माझा दंड धरून उभी होती. गाडी लूपमध्ये शिरली तेव्हा तिनं डोळे मिटले आणि बाहेर आल्यावर मला विचारलं, "झालं?"

खाण्याचं एक सांगायचं राहिलं. बसण्याआधी दोन तास पोटभर काही नको, आणि उपाशीपोटीही नको. आम्ही सकाळी पोहे खाल्ले होते. सांगलीहून नेलेलं भडंग बायकोनं नायट्रो होईपर्यंत पिशवीतून काढू दिलं नाही, ते तिनं बरोबर केलं. चष्मा, मोबाइल, खिशातली किल्ली खाली ठेवा.

मी नायट्रोला पाचपैकी पाच देतो. निरोगी, उंचीत बसणारा आणि स्वतःहून हो म्हणणारा कुणीही तिच्यात बसू शकतो, असं मी माझ्या पोरीला बसवून सांगतोय. स्वतःहून हो म्हणत नसेल तर मात्र सोळा वर्षांच्या पोरालाही ती जास्त आहे.

धाकट्याची उंची आणखी दोन-तीन वर्षांत पट्टीला लागेल. त्यानं आत्ताच सांगून ठेवलंय की तो फक्त बघायला येणार. मी त्याला म्हटलं, चालेल, आपण दोघं खाली उभं राहून बघू.