डोसेटॅक्सेलची किमो: सिस्टरला पाच स्टार, रात्रीच्या हेल्पलाइनला अर्धा पण नाही

बाबांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हार्मोनच्या इंजेक्शनला दाद देईना, इंजेक्शनने टेस्टोस्टेरॉन अगदी तळाला पण पीएसए (रक्तातला प्रोस्टेटचा मार्कर) आपला चढतोय, हाडं दुखतायत, मग डॉक्टरांनी डोसेटॅक्सेल काढलं. जिथे घेतलं त्या डे केअरचं नाव लिहित नाही, पण रिव्ह्यू द्यायचाच होता.

औषधाबद्दल आधी. दर 3 आठवड्यांनी साधारण तासभराची सलाईन, जोडीला रोज प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी), आणि हार्मोनचं इंजेक्शन चालूच राहतं. चमत्कार होईल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. 2004 मध्ये ज्या ट्रायलवर हे मान्य झालं त्यात मायटोझँट्रोन या जुन्या किमोपेक्षा आयुष्य दोन-तीन महिन्यांनीच वाढलं होतं, पण दुखणं कमी झालेले पेशंट 35 टक्के होते, जुन्या औषधावर 22. बाबांना ते दुसरंच जास्त महत्त्वाचं होतं आणि खरंच रात्री कूस बदलताना कण्हणं कमी झालं. सुरुवातीला पीएसए उलट थोडा वाढला, आमचा जीव टांगणीला, पण डॉक्टर म्हणाले पहिले 12 आठवडे नुसत्या पीएसएवरून औषध बदलायचं नसतं, आणि नंतर उतरला की.

आता सिस्टर. प्रत्येक वेळी सुई लावायच्या आधी म्हणायच्या, "काका, शर्टाचं वरचं बटण लावून दाखवा बघू." बाबा वैतागायचे, मी काय लहान पोर आहे का. पण बोटं बधिर होतायत का ते त्यातच कळतं, एकदा बटण हातातून सुटत राहिलं तर त्यांनी लगेच डॉक्टरांना बोलावलं आणि डोस कमी झाला. बर्फाचे हातमोजे पण स्वतः आणून घालायच्या, नखांसाठी. डेक्सा (अ‍ॅलर्जी-सूज टाळायची स्टेरॉइडची गोळी) आदल्या दिवसापासून घेतली का हे विचारल्याशिवाय सलाईन जोडायच्या नाहीत. (खुर्च्या मात्र भयंकर, पाठीचं दुखणं असलेल्याला असली खुर्ची कोण देतं?)

आणि हेल्पलाइन. साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, तेव्हा ताप 100.4 च्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही हे त्यांच्याच कागदावर ठळक छापलेलं. बाबांना नेमका मध्यरात्री ताप, फोन लावतोय लावतोय, नुसती रिंग, मग कुणीतरी उचलून म्हणतं सकाळी ओपीडीत या. कागद छापणारे वेगळे आणि फोन उचलणारे वेगळे असावेत! आम्ही सरळ जवळच्या इमर्जन्सीत नेलं, काउंट पार खाली, शिरेतून अँटीबायोटिक लगेच सुरू केलं. पुढच्या सायकलपासून पेशी वाढवायचं इंजेक्शन लावलं.

तक्रार लेखी दिलीये, उत्तर नाही अजून. तिथे जाणार असाल तर पहिल्याच दिवशी विचारा की रात्री फोन नक्की कोण उचलतं, आणि जवळची इमर्जन्सी आधीच बघून ठेवा.