हेल्पर स्क्रिप्टचं आउटपुट: जर्नल, फाइल की पाइप?

सर्व्हिस सिस्टमडीखाली (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारी आणि सांभाळणारी यंत्रणा) चालते आणि मधूनमधून एखादी शेल स्क्रिप्ट चालवते: बॅकअपआधीचा हूक, सर्टिफिकेट बदलल्यावरचा रीलोड. त्या स्क्रिप्टची बडबड कुठे पाठवायची? पर्याय तीन: जर्नल (सिस्टमडीचा लॉग), फाइल किंवा पाइप (एका टोकाला स्क्रिप्ट लिहिते, दुसऱ्या टोकाला सर्व्हिस वाचते). निवड करताना आधी एवढं बघा: घेणारा अडला तर लिहिणाऱ्याचं काय होतं?

त्याआधीची अट तिन्ही पर्यायांना सारखीच. काही डेमन (मागे चालत राहणारे प्रोग्रॅम) सुरू होताना डिस्क्रिप्टर ०, १, २ (इनपुट, आउटपुट आणि एरर यांचे क्रमांक) नुसते बंद करून टाकतात. पुढे उघडलेली फाइल मग नेमकी २ क्रमांकावर बसते आणि स्क्रिप्टचा एरर मेसेज डेटाबेसच्या पोटात जातो. नको असलेला डिस्क्रिप्टर बंद करू नका, त्या जागी डेव्ह-नल (लिहिलेलं सगळं गिळून टाकणारी फाइल) जोडा. बाकीच्या डिस्क्रिप्टरना क्लोज-ऑन-एक्झेक लावा, म्हणजे स्क्रिप्ट सुरू होताना ते आपोआप बंद होतात.

जर्नल. सर्व्हिसचंच आउटपुट स्क्रिप्टला वारशाने द्यायचं. कोड जवळजवळ शून्य. पण ओळींवर नाव सर्व्हिसचंच लागतं. स्क्रिप्टचं वेगळं नाव हवं तर तिला सिस्टमडी-कॅटमधून चालवा, एक्झिट कोड (संपताना मिळणारा आकडा, ० म्हणजे यश) शाबूत राहतो. लॉगरला (सिस्टमच्या लॉगमध्ये ओळी टाकणारी कमांड) पाइप केलंत तर हाती येतो तो लॉगरचा एक्झिट कोड, म्हणजे स्क्रिप्ट आपटली तरी ०. बॅशमध्ये पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड फसली तर अपयश कळवणारी सेटिंग) लावल्याशिवाय हे कळतसुद्धा नाही. मर्यादाही आहे: मूळ सेटिंगमध्ये एका सर्व्हिसला ३० सेकंदांत १०,००० मेसेज (डिस्क मोकळी असेल तर जास्त). स्क्रिप्टने कोटा उडवला की सर्व्हिसचे स्वतःचे मेसेजही गळतात. आणखी एक खोच: इथे आउटपुट म्हणजे फाइल नसून सॉकेट (जर्नलशी थेट जोडणी) असतं, त्यामुळे स्क्रिप्टने डेव्ह-एसटीडीईआरआर हा एरर आउटपुटचा पाथ उघडायचा प्रयत्न केला तर तो फसतो. थेट डिस्क्रिप्टर २ कडे वळवा.

फाइल. सिस्टमडी नसलेल्या मशीनवर किंवा लांबलचक आउटपुट जसंच्या तसं ठेवायचं असेल तेव्हा बरी. अपेंड मोडमध्येच (दर वेळी फाइलच्या शेवटी लिहिणारा) उघडा. नाहीतर लॉगरोटेटच्या कॉपीट्रंकेटनंतर (लॉगची प्रत काढून मूळ फाइल रिकामी करणं) स्क्रिप्ट जुन्याच ऑफसेटवर लिहीत राहते आणि फाइलच्या सुरुवातीला ० किमतीच्या बाइट्सनी भरलेलं भगदाड पडतं. अपेंड असूनही कॉपी आणि ट्रंकेट यांच्या मधल्या ओळी हरवू शकतात. डिस्क भरली तर साधा एकोसुद्धा फेल होतो आणि सेट-ई (कमांड फसली की थांबा) असलेली स्क्रिप्ट अर्ध्या कामात मरते. टेम्प फोल्डरमध्ये ठराविक नावाची फाइल नको, सिमलिंकचा (दुसऱ्याच फाइलकडे वळवणारा दुवा) सापळा लावणं सोपं असतं. व्हार-लॉगमध्ये स्वतःची डिरेक्टरी करा आणि आतल्या फाइलची परवानगी ०६४० ठेवा.

पाइप. आउटपुट बघून सर्व्हिसला पुढचा निर्णय घ्यायचा असेल तरच. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. लिनक्सवर पाइपची क्षमता सहसा ६४ किलोबाइट असते. सर्व्हिस आधी स्क्रिप्ट संपायची वाट बघणार आणि मग वाचणार असेल, तर पाइप भरल्यावर स्क्रिप्ट राइटमध्ये अडकते, सर्व्हिस वेटमध्ये, आणि दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसतात. टेस्टमध्ये हे सापडत नाही, कारण तिथे चारच ओळी छापल्या जातात. म्हणून वाचत राहा, पाइप बंद झाल्यावर वेट करा. तरीही स्क्रिप्टने मागे सोडलेल्या एखाद्या बॅकग्राउंड प्रोसेसने पाइपचं टोक धरून ठेवलं, तर ते बंद होतच नाही. टाइमआउट ठेवा, स्क्रिप्टला वेगळ्या प्रोसेस ग्रुपमध्ये चालवा आणि वेळ संपली की अख्ख्या ग्रुपला सिग्नल द्या. उलट सर्व्हिस आधी मेली तर स्क्रिप्टला पुढच्या राइटवर सिगपाइप हा सिग्नल मिळतो (सिस्टमडीच्या मूळ सेटिंगमध्ये तो दुर्लक्षित असतो, तिथे नुसता राइट फेल होतो). शेलमध्ये दिसणारा एक्झिट कोड १४१ तो हाच.

वाचलेली ओळ सिसलॉग फंक्शनला (सिस्टमच्या लॉगमध्ये लिहिणारं) थेट फॉरमॅट, म्हणजे मजकुराचा साचा, म्हणून देऊ नका. त्यात टक्केचिन्ह निघालं तर सर्व्हिस क्रॅश होऊ शकते किंवा मेमरी उघडी पडते. फॉरमॅट ठरलेला ठेवा, ओळ आर्ग्युमेंट म्हणून द्या. कंट्रोल कॅरेक्टर बदलून टाका, ओळीच्या लांबीला कमाल मर्यादा घाला.

विशेष कारण नसेल तर आम्ही जर्नल घ्या म्हणू. पर्याय कोणताही असो, स्क्रिप्टमध्ये राहून गेलेला सेट-एक्स (प्रत्येक कमांड छापणारी सेटिंग) आधी काढा: तो कमांड लाइनवरचे पासवर्ड व्हेरिएबल उलगडून छापतो, आणि जर्नल वाचायची परवानगी बहुतेकदा रूटपुरती मर्यादित नसते.