गंजलेलं बॉडी माउंटिंग: रंग, ठिगळ, नवं ब्रॅकेट, की बॉडीच उतरवायची?

जुन्या फोर-बाय-फोरखाली आडवं होऊन माउंटिंगच्या, म्हणजे बॉडी चासीवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर) जिथे बसते त्या जागेच्या, ब्रॅकेटवर हातोडी वाजवली आणि खणखणीत आवाजाऐवजी ‘भद्द’ आवाज आला, की बहुतेक जण विचारतात, ‘किती खराब झालंय?’ माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. गंज थांबतो कुठे? फक्त ब्रॅकेटवर, ब्रॅकेट चासीला जिथे वेल्ड केलंय त्या जोडावर, की चासीच्या पोटात? चार मार्गांपैकी कुठला धरायचा, हे या एका उत्तरावर ठरतं. ब्रॅकेट किती भयानक दिसतंय यावर ठरवलं तर चूक होते. दिसायला भीषण असलेलं ब्रॅकेट कधी एका दिवसाचं काम निघतं, आणि काळ्या रंगात चकाचक दिसणारं ब्रॅकेट चासी बदलायला लावतं.

ही चर्चा बॉडी आणि चासी वेगळ्या असलेल्या गाड्यांची आहे. जिम्नी, जुनी लँड क्रूझर, रँग्लर, जुनी डिफेंडर या त्या जातीच्या. जीपची एक्सजे चेरोकी किंवा लाडा निवा दिसायला भावंडं वाटली तरी त्यांना वेगळी चासीच नाही. पजेरोची तिसरी पिढी १९९९ मध्ये आली, तेव्हापासून तिचीही चासी बॉडीतच सामावली. त्यांच्या गंजाचं गणित निराळं.

माउंटिंग म्हणजे नेमकं काय काय

चासीच्या बाहेरच्या अंगाला हातासारखी ब्रॅकेट काढलेली असतात. ब्रॅकेटवर रबरी बुश, बुशच्या मधून लोखंडी नळी, नळीतून जाणारा लांब बोल्ट, आणि वर फ्लोअरच्या पत्र्यामागे पिंजऱ्यात बसवलेला नट. म्हणजे ‘माउंटिंग गंजलं’ या दोन शब्दांत तीन वेगळे आजार असू शकतात: ब्रॅकेटचा, बोल्ट-नळीचा आणि फ्लोअरचा. बहुतेक लोक पहिला बघतात, दुसरा बोल्ट तुटल्यावर कळतो आणि तिसरा राहूनच जातो.

ब्रॅकेट इतरांपेक्षा आधी सडतं, कारण त्याचा आकारच फळीसारखा. चाकांनी उडवलेला चिखल तिथे येऊन बसतो, बाहेरून वाळला तरी आतून दमट राहतो. त्यात बरीच ब्रॅकेट दोन पत्रे एकमेकांवर ठेवून टिकलीने (स्पॉट वेल्डने) जोडलेली असतात. पाणी त्या दोन पत्र्यांच्या मध्ये शिरतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो पत्रे आतून फाकवत जातो. कडेने बघितल्यावर पत्र्याला पापुद्रे सुटलेले आणि मधे फुगवटा दिसला, तर तो रंगाने बरा होणारा गंज नव्हे.

तपासायला एक हातोडी, एक दणकट स्क्रू-ड्रायव्हर आणि तारेचा ब्रश पुरतो. आधी खरवडा, मग ठोका, मग टोचा. माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या माउंटिंगवर आधीच्या कुणीतरी जाड अंडरकोट (गाडीच्या पोटाला लावायचा जाड थर) मारलेला होता. गुळगुळीत, एकसारखा काळा. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक जरा जोरात दाबलं तर ते आत गेलं. कोटाखाली एक प्लेट निघाली, प्लेटमागे मूठभर ओला चिखल, आणि त्या चिखलात मूळ ब्रॅकेट भिजल्या पुठ्ठ्यासारखं. बोटाने तुकडा मोडत होता. आणि बॉडीचा तो कोपरा त्यावर उभा होता, त्याच कोपऱ्यात मागच्या सीटचा पट्टा बॉडीला जोडलेला होता. त्या दिवसापासून जाड कोट दिसला की मी खरवडल्याशिवाय पुढे जात नाही.

पहिला मार्ग: साफ करून रंग आणि नवे बुश

गंज वरवरचा असेल, हातोडीचा आवाज खणखणीत असेल, टोचलं तर टोक आत जात नसेल, तर हाच मार्ग धरा आणि आनंदाने धरा. ब्रॅकेटचा पत्रा साधारण ३ मिमीच्या आसपास असतो. खड्डे खोल जाऊन पाव भाग जाडी गेली असं दिसलं, तर मी या मार्गावर राहत नाही.

फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्लाचं गंजनिवारक द्रव्य घट्ट चिकटलेल्या पातळ गंजावर चांगलं काम करतं. खपल्यांवर ओतलं तर वरची खपली काळी होते आणि खालचा गंज आपलं काम चालू ठेवतो. दोन पत्र्यांच्या मधे तर ते पोचतच नाही. म्हणून आधी बुश काढून पत्रा उघडा करायचा, मग द्रव्य, मग इपॉक्सी प्रायमर, वर रंग, आणि शेवटी पोकळ जागेत मेण. बुश जागेवर ठेवून भोवतीने ब्रश फिरवणं म्हणजे सगळ्यात ओली जागा तशीच सोडणं.

दुसरा मार्ग: वरून प्लेटचं ठिगळ

हा मार्ग सगळ्यात जास्त वापरला जातो आणि मला सगळ्यात जास्त खुपतो. आकर्षण समजतं. बॉडी फार उचलावी लागत नाही, मापं घ्यावी लागत नाहीत, सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी परत. पण गंजलेल्या पत्र्यावर वेल्ड नीट धरत नाही, त्यात बारीक छिद्रं पडतात. जिथे पत्रा पातळ झालाय तिथे तो जळतो. नव्या प्लेट आणि जुन्या गंजामधे जी पोकळी राहते ती पाणी साठवायची डबीच होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, पुढे बघणाऱ्याला खालचं काही दिसत नाही. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं.

सडलेला भाग पूर्ण कापून काढला, चारही बाजूंनी निरोगी लोखंड येईपर्यंत मागे गेलो आणि मग तेवढाच तुकडा बसवला, तर ते काम पक्कं आहे. फरक इतकाच की आधी ग्राइंडर चालतो, मग वेल्डिंग. कुणी ‘प्लेट मारून देतो’ म्हणालं तर विचारा, ‘आधी कापणार किती?’ उत्तर ‘कापायची गरज नाही’ असेल, तर गाडी तिथून हलवा.

फायबर, बॉडी पुट्टी, फेस यांचा इथे विचारही नको. हा वजन पेलणारा आणि अपघातात बॉडीला चासीशी धरून ठेवणारा सांधा आहे.

तिसरा मार्ग: जुनं ब्रॅकेट कापून नवं

गंज ब्रॅकेटमध्येच थांबला आहे आणि चासीची भिंत ठणठणीत आहे, तर माझा कौल इथे. बहुतेक जुन्या गाड्या याच खान्यात पडतात.

तयार ब्रॅकेट की घडवलेलं? जुन्या डिफेंडर किंवा रँग्लरसारख्या गाड्यांना तयार ब्रॅकेट मिळतात. तसं मिळत असेल तर तेच घ्या. बोल्टच्या भोकाची जागा आणि बुश बसायची वाटी बरोबर मिळते, आणि या कामात चुका तिथेच होतात. मिळत नसेल तर पुठ्ठ्याचा साचा कापून ३ ते ४ मिमी साध्या पोलादी पत्र्यातून घडवता येतं. ‘मजबूत हवं’ म्हणून ६ मिमीची जाड प्लेट लावायचा मोह टाळा. जाड ब्रॅकेट आणि पातळ चासी एकसारखी तापत नाहीत, एकीकडे वेल्ड आत जातच नाही, दुसरीकडे चासी जळते. पुढे गाडी पिळली गेली की ब्रॅकेट हलत नाही आणि भेग चासीच्या भिंतीत पडते.

कामाचा क्रम इथे फार महत्त्वाचा. कापण्याआधी मापं घ्यायची: भोकाचं अंतर चासीपासून, शेजारच्या माउंटिंगपासून, आणि पलीकडच्या बाजूच्या जोडीदाराशी ताडून. मग त्या बाजूचे शेजारचे बोल्ट सैल करून, जॅकवर लाकडी ठोकळा ठेवून बॉडी दोन-तीन सेंटिमीटरच उचलायची. उचलताना एका माणसाने नुसतं बघत राहायचं: स्टिअरिंगचा सांधा, रेडिएटरभोवतीचं कव्हर पंख्याला टेकतंय का, डिझेल किंवा पेट्रोल भरायचा पाइप, ब्रेकच्या नळ्या, हँडब्रेकची केबल, अर्थिंगची पट्टी. यातलं एखादं ताणलं गेलं तर माउंटिंगपेक्षा मोठं काम उभं राहतं. एका बाजूची सगळी ब्रॅकेट एकदम कापू नका, बॉडी आकार सोडते.

नवं ब्रॅकेट आधी वेल्डच्या चार छोट्या टाक्यांवर धरायचं. बॉडी खाली उतरवायची, बोल्ट हाताने फिरतो का पाहायचं, दारं उघडून-लावून फटी बघायच्या. सगळं जुळलं तरच पूर्ण वेल्ड, तेही थोडं इकडे, थोडं तिकडे, म्हणजे उष्णतेने पत्रा ओढला जात नाही. चासीवर वरून खाली सरळ उभा छेद दिल्यासारखा वेल्ड नको, भेग नेमकी त्या रेषेने धावते. प्लेटची टोकं निमुळती किंवा गोलसर ठेवलेली बरी.

वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, इंजिनचा संगणक असेल तर त्याचं कनेक्शनही, आणि अर्थ क्लॅम्प वेल्डच्या शेजारी लावायचा. वरचं कार्पेट आणि फेल्ट उचलायचं. ते पेटलेलं खालून दिसत नाही. काम संपल्यावरही अर्धा-पाऊण तास गाडी सोडून जायचं नाही. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागेवर वेल्डिंग कधीच नको. आर्कच्या उष्णतेने त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो, थोड्या प्रमाणातही जिवावर बेततो. जस्त चढवलेला पत्रा असेल तर वेल्डच्या जागेचं जस्त आधी घासून काढा, त्याच्या धुराने ताप भरतो.

फ्लोअरची बाजू, जी विसरली जाते

खाली नवंकोरं ब्रॅकेट आणि वर चाळण झालेला फ्लोअर, तर सगळी मेहनत वाया. बोल्ट घट्ट करताच तो पत्र्यातून आरपार ओढला जातो. इथे पत्रा जेमतेम १ मिमीचा, त्यामुळे साध्या रॉडच्या वेल्डिंगने भोकं पडतात. मिग मशिनने (तार आपोआप पुढे सरकवणाऱ्या वेल्डिंग मशिनने) छोटे छोटे ठिपके देत जावं लागतं.

दुसरं दुखणं पिंजऱ्यातल्या नटाचं. बोल्ट गंजून नटाला धरतो, जोर लावला की पिंजरा तुटतो आणि नट बोल्टबरोबर गोल गोल फिरत राहतो. यातून वाचायचा उपाय म्हणजे घाई न करणं: काही दिवस आधीपासून रोज भेदक तेल सोडायचं, बोल्ट आधी किंचित आवळून मग सैल करायचा, अडला तर उष्णता द्यायची. एअरगनचा पहिलाच दणका जुन्या बोल्टला पेलत नाही. तरीही फिरलाच, तर आतून कार्पेट उचलून फ्लोअरला छोटी खिडकी कापायची, नट पान्याने धरायचा आणि काम झाल्यावर खिडकी वेल्ड करून सांध्याला सीलर लावायचा. खिडकी कापायला जिवावर येतं, पण सडक्या फ्लोअरवर मोठा वॉशर टाकून वेळ मारून नेण्यापेक्षा ती कितीतरी प्रामाणिक दुरुस्ती आहे.

चौथा मार्ग: बॉडी उतरवणं

चासीची भिंतच टोचल्यावर आत जात असेल, दोन-तीन माउंटिंगांच्या मुळाशी तसंच असेल, किंवा सस्पेन्शन नाहीतर स्टिअरिंग बॉक्स जिथे जोडलाय तिथे गंज पोचला असेल, तर एकेक ब्रॅकेट बदलत बसणं म्हणजे कुजलेल्या चौकटीला नवं दार. बॉडी उतरवा, चासी पूर्ण उघडी करा. मग ती दुरुस्त करायची की दुसरी आणायची, हे उघड्या लोखंडाकडे बघून ठरवा. चासी गरम जस्तात बुडवून घेणं टिकाऊ आहे, पण ते जस्त सुमारे ४५० अंश सेल्सिअसला असतं. पोकळ भागांना हवा आणि जस्त जायला भोकं हवीत, आणि चासी वाकण्याची शक्यता धरून नंतर मापं पुन्हा घ्यावी लागतात. बहुतेक गाड्यांचा नंबर चासीवरच कोरलेला असतो, म्हणून दुसरी चासी आणण्याआधी नोंदणीचे नियम बघून घ्या. ते नंतर बघणाऱ्याची गाडी चालण्याजोगी होते, पण रस्त्यावर आणता येत नाही.

आठवड्यांचं हे काम ज्या गाडीवर खरंच जीव आहे तिच्यासाठीच. बॉडीही तितकीच सडलेली असेल तर मी गाडी सुट्या भागांसाठी देईन.

बुश: रबर की पॉलियुरेथेन

रोजच्या वापराला रबर. आवाज आणि थरथर तेच गिळतं. पॉलियुरेथेन तेलाला दाद देत नाही आणि बॉडी घट्ट धरतं, पण कडक असल्यामुळे प्रत्येक खडबडीत रस्ता आत कळतो. जुन्या, पातळ झालेल्या फ्लोअरला तर रबरच द्या. काहीही घेतलंत तरी सगळे बुश एकदम बदला. एक नवा आणि शेजारचा दबलेला असेल तर बॉडी तिरकी बसते. मधली नळी नवीच घाला, कारण बुश किती दाबला जावा हे तीच ठरवते. गंजून आखूड झालेल्या नळीवर बोल्ट कितीही नेमक्या जोराने आवळला तरी बुश चिरडला जातो.

काम झाल्यावर काही शे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा. चासीची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करून घ्या, आणि वेल्डच्या आतल्या बाजूला मेण पोचलंय याची खात्री करा. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथला जुना रंग जळालेला असतो, आणि पुढचा गंज तिथूनच सुरू होतो.