पेसमेकर: एका वायरचा, दोन वायरचा की बिनवायरचा?

डॉक्टरांनी ‘पेसमेकर लागेल’, म्हणजे मंदावलेले हृदयाचे ठोके विजेच्या संदेशाने चालू ठेवणारं छोटं यंत्र बसवावं लागेल, असं म्हटलं की घरात दोन सूर लागतात. एक म्हणतो, वय झालंय, आता कशाला चिरफाड? दुसरा म्हणतो, बसवायचाच तर सगळ्यात भारीचा बसवू. दोन्ही सूर मायेचेच, पण निर्णय त्यांवर सोडू नका. ठोके नेमके कुठे अडतात आणि माणूस किती हिंडता-फिरता आहे, यावर तो ठरायला हवा.

त्याआधी एक खात्री करून घ्या. बीटा ब्लॉकर, डिगॉक्सिन ही हृदयासाठीची औषधं, इतकंच काय, काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा नाडी मंद करू शकतात. रक्तातलं पोटॅशियम वाढलं किंवा थायरॉइड फार कमी पडलं तरी तसंच होतं. म्हणून चालू असलेल्या सगळ्या औषधांची पिशवी, थेंबांसकट, डॉक्टरांसमोर ठेवा.

असं कारण सापडलं नाही, तर ‘बसवावा की नाही’ याचं उत्तर आजारागणिक बदलतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली संदेशच पोचत नसेल, म्हणजे कम्प्लीट हार्ट ब्लॉक असेल, तर कायमचा उपाय ठरेल असं औषध नाही. तिथे पेसमेकर जीव वाचवतो आणि थांबण्यात धोका आहे. सायनस नोड, म्हणजे ठोक्याचा संदेश जिथून निघतो ती वरच्या कप्प्यातली जागा, मंदावला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पेसमेकरने चक्कर, शुद्ध हरपणं, थकवा हे त्रास कमी होतात, आयुष्य वाढतं असं मात्र दिसलेलं नाही. त्रास नसताना केवळ नाडी ५०च्या खाली दिसते म्हणून घाई करायचं कारण नसतं.

आता एक वायर की दोन? सिंगल चेंबरमध्ये बहुधा खालच्या उजव्या कप्प्यात एकच वायर जाते. डबल चेंबरमध्ये वरच्या कप्प्यातही एक असते, त्यामुळे वरचे-खालचे ठोके ताळमेळ राखतात. हा ताळमेळ बिघडला तर काहींना दम लागतो, मानेत ठोके जाणवतात, पुन्हा चक्कर येते. याला पेसमेकर सिंड्रोम म्हणतात. सायनस नोडच्या आजारात डबल चेंबरमुळे एट्रियल फिब्रिलेशनचं, म्हणजे वरच्या कप्प्यांची लय बिघडून ते थरथरण्याचं, प्रमाणही कमी राहतं. पण दुसरी वायर फुकट येत नाही. ब्रिटनमध्ये ७० आणि त्यापुढच्या वयाच्या, हार्ट ब्लॉक असलेल्या २,०२१ रुग्णांवर झालेला यूकेपेस हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. सिंगल आणि डबल अशा दोन्ही गटांतल्या मृत्यूंच्या प्रमाणात फरक आढळला नाही. शस्त्रक्रियेशी निगडित गुंतागुंत मात्र डबल चेंबरमध्ये ७.८ टक्के आणि सिंगलमध्ये ३.५ टक्के होती.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वरच्या कप्प्यांची लय शाबूत आहे, माणूस कामाचा, चालता-फिरता आहे, तर डबल चेंबरसाठी जास्तीचे पैसे घालावेत. एट्रियल फिब्रिलेशन कायमचं असेल तर वरची वायर निरुपयोगी, सिंगलच योग्य. आणि पंचाऐंशीच्या, अंथरुणाला खिळलेल्या आजीसाठी सिंगल निवडलात तर आपण कमी पडलो असं मुळीच वाटून घेऊ नका.

बिनवायरचा पेसमेकर जेमतेम दोन ग्रॅमचा. तो जांघेतल्या शिरेतून थेट हृदयात बसवतात. छातीवर कातडीखाली मशीन ठेवायला करतात तो खिसा नाही, वायर नाही, त्यामुळे खिशाचा संसर्ग किंवा वायर तुटणं हे प्रश्नच उरत नाहीत. डायलिसिसवर असलेल्यांना, आधी संसर्ग झालेल्यांना, खांद्याकडच्या शिरा बंद असलेल्यांना तो खरंच उपयोगी आहे. पण हृदयाच्या भिंतीला इजा होणं हा दुर्मीळ धोका इथे गंभीर ठरू शकतो. शिवाय बॅटरी संपल्यावर अनेकदा जुना तसाच ठेवून शेजारी नवा बसवावा लागतो. पन्नाशीतल्या माणसाने हे आधी विचारून घ्यावं.

वायरवाल्यांचे धोके साधारण असे: फुफ्फुसाला टोचलं जाऊन छातीत हवा भरणं शंभरात एखाद्याला, वायर सरकणं दोन-तिघांना, संसर्ग एक-दोघांना. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर संसर्गाची भीती वाढते. बॅटरी बदलतानाही ती पहिल्या वेळेपेक्षा जास्त असते. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. वॉरफरिन ही तशी गोळी थांबवून हेपरिन हे रक्त पातळ करणारं इंजेक्शन देण्यापेक्षा वॉरफरिन चालू ठेवल्यास खिशात रक्त साचण्याचं प्रमाण बरंच कमी राहतं, असं २०१३च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं.

खर्चाचं बोलू. खासगी रुग्णालयात सिंगल चेंबरचं एकूण बिल साधारण दीड-दोन लाखांपासून सुरू होतं, डबल चेंबरचं अडीच ते चार लाखांपर्यंत जातं आणि बिनवायरचं आठ-दहा लाखांपुढे. स्टेंटच्या किमतींवर सरकारने फेब्रुवारी २०१७मध्ये कमाल मर्यादा घातली, पेसमेकरवर तशी नाही. त्यामुळे मॉडेलचं नाव आणि एमआरपी लेखी मागा, दोन ठिकाणी विचारा. एमआरआय चालणारा आहे का, हे विचारताना वायरसुद्धा त्याच प्रकारच्या आहेत का ते पाहा. नुसतं मशीन तसं असून भागत नाही.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कायमचा पेसमेकर बसवणं समाविष्ट आहे. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कवच उत्पन्न न पाहता मिळतं. कार्ड आधीच काढून ठेवा आणि दाखल होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा. विमा असेल तर खोलीभाड्याच्या मर्यादेवरून बिलात कपात होऊ शकते, पण ती टक्केवारी इम्प्लांटच्या किमतीला लावता येत नाही. कपातीचा कागद नीट वाचा.

पुढचा खर्च लोक विसरतात. बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षं पुरते. तोवर वायर ठीक असल्या तर फक्त मशीन बदलतात. दरम्यान तपासण्या असतात आणि पेसमेकर तपासायचं प्रोग्रॅमर यंत्र प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. गावाकडे राहणाऱ्यांनी बसवण्याआधीच विचारावं, या कंपनीचं मशीन आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी तपासून मिळेल का? नाही म्हणाले, तर दर वेळी मुंबई-पुण्याचं भाडं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि मुक्काम हेही किमतीत धरा. दोन कंपन्यांच्या दरांतला फरक त्यात सहज भरून निघतो.