सेकंड हँड, हातानं घडवलेला सागवानी बास: नागपुरात विकायला निघालेल्या वाद्याचं परीक्षण

या बास गिटारची मागणी ५५ हजार रुपये. चार तारा, ३४ इंची स्केल (नट ते ब्रिज तारेची लांबी), सागवानी बॉडी, मेपलची नेक (दांडी), शिसमाचा फ्रेटबोर्ड, २१ फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या), तारांचं कंपन टिपणारे दोन जॅझ पिकअप, बॅटरीशिवाय चालणारं पॅसिव्ह सर्किट, सोबत हार्ड केस. हेडस्टॉकवर कुठल्याही कंपनीचं नाव नाही. चार स्क्रू काढून नेक उचलली की बॉडीतल्या खाचेत कारागिराची पेन्सिलीनं केलेली सही आणि तारीख दिसते. मूळ बिल विकणाऱ्याकडे जपलेलं आहे, ही मोठी जमेची बाजू.

कंपनीच्या बासचं मॉडेल आणि साल सांगितलं की घेणारा भाव काढून मोकळा होतो. हातानं घडवलेल्या वाद्याला तो आधार नसतो. नव्यानं करून घेताना किती मोजले, हे घेणाऱ्याला ऐकायचंही नसतं. त्याच्यापुढे ठेवायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मोजमाप. म्हणून हा बास आम्ही फुटपट्टी, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), व्हर्नियर आणि मल्टिमीटर घेऊन तपासला.

सुरुवात नेकपासून, कारण अशा वाद्यात निम्म्याहून जास्त पैसे नेकचे असतात. बॉडीच्या टोकाकडून डोळा लावून नटकडे, म्हणजे हेडस्टॉकजवळच्या तारांच्या खाचा असलेल्या पट्टीकडे, पाहायचं. नटची रेघ आणि शेवटच्या फ्रेटची रेघ समांतर दिसली पाहिजे. तिरपी दिसली तर नेकला पीळ पडलाय, आणि पीळ ट्रस रॉडनं (नेकच्या आतल्या, ताण कमी-जास्त करायच्या सळईनं) निघत नाही. इथे पीळ नाही. मग ई तार (सगळ्यात जाड) पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट मोजली. ती ०.५५ मिमी आली, हवी ०.३ ते ०.४. रॉड पाव फेरा आवळला, रात्रभर तारा सुरात ठेवल्या आणि सकाळी पुन्हा मोजलं, तेव्हा फट ०.३५ मिमी. रॉड दोन्ही बाजूंना मोकळेपणानं फिरतो आणि अजून वाव आहे. तो शेवटाला टेकलेला असता, तर बाकी काहीही चांगलं असून हा बास घ्या असं आम्ही म्हटलं नसतं.

हातानं घडवलेल्या बासमध्ये फ्रेटच्या जागा तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कारखान्यात खाचा यंत्र पाडतं, इथे माणसानं पाडलेल्या असतात. ३४ इंची स्केलला नटपासून पाचवा फ्रेट २१६.६ मिमीवर, सातवा २८७.२ वर आणि बारावा ४३१.८ वर यायला हवा. मोजताना प्रत्येक वेळी नटपासूनच मोजायचं. एका फ्रेटपासून पुढच्या फ्रेटपर्यंत मोजत गेलं तर बारीक चुका साठत जातात. या बासवर तिन्ही जागा पट्टीला जेवढं कळतं तेवढ्या अचूक आहेत. बॉडीवर तारा जिथे टेकतात तो ब्रिजही जागेवर बसलाय. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर चारही तारांवर जुळतो आणि ई तारेचा सॅडल (ब्रिजवरचा टेकू) मागे सरकायला अजून ३ मिमी शिल्लक आहे. पुढे जाड तारा लावल्या तर ते ३ मिमी कामाला येतील. ब्रिज चुकीच्या जागी ठोकलेला बास कधीच सुरात येत नाही, आणि ते स्क्रू काढून, भोकं बुजवून नव्यानं बसवायचं म्हणजे पॉलिशसकट सगळं काम पुन्हा.

आता दोष. नट प्लॅस्टिकचा आहे आणि ई तारेची खाच गरजेपेक्षा खोल गेलीय. मोकळी तार झणझणते, पहिला फ्रेट दाबला की झणझण थांबते. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर नजर टाकली तर तिथे केसाएवढी फट दिसायला हवी. इथे तार टेकलेली आहे. उपाय म्हणजे हाडाचा नवा नट.

फ्रेट झिजलेत, पण संपलेले नाहीत. पहिल्या पाच फ्रेटवर ई आणि ए तारेखाली ०.२ मिमीचे खड्डे आहेत. स्टीलच्या राउंडवाउंड (खरबरीत वेढ्यांच्या) तारा आणि एकाच पट्टीत वाजणारी गाणी, म्हणजे झीज पडायची तिथेच पडली. न झिजलेल्या फ्रेटची उंची १.१ मिमी. लेव्हल आणि क्राऊन केल्यावर, म्हणजे घासून एका पातळीत आणून माथा गोल केल्यावर, ०.९ च्या आसपास उरेल, म्हणजे आणखी काही वर्षं निश्चित. ०.६ च्या खाली गेलेले फ्रेट मात्र बदलावेच लागतात आणि तो खर्च वेगळ्याच पातळीवर जातो.

बाराव्याच्या पुढे, जी (सगळ्यात बारीक) तारेच्या बाजूला बोट फिरवलं की फ्रेटची टोकं टोचतात. हा कारागिराचा दोष नाही, नागपूरच्या हवेचा आहे. मार्च सरला की हवा कोरडी होत जाते, मेअखेरच्या नवतप्यात पारा ४५ च्या पलीकडेही जातो, आणि त्याच खोलीत कूलर चालू. खसातून येणारी ओली हवा दिवसभर लाकडावर, कूलर बंद झाला की पुन्हा कोरडी, आणि पावसाळा लागला की एकदम दमट. फ्रेटबोर्ड रुंदीत आक्रसतो, फ्रेटची धातू आक्रसत नाही, म्हणून टोकं बाहेर येतात. ती घासायची असतील तर एप्रिल-मेमध्येच घासावीत. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असताना घासली तर पुढच्या उन्हाळ्यात परत टोचतील. आणि बास कूलरच्या झोतात उभा ठेवू नये, केसमध्ये ठेवावा. ट्रस रॉडकडे इथे वर्षातून दोनदा, मार्चअखेर आणि पावसाळा लागल्यावर, बघावंच लागतं.

बॉडी दोन तुकड्यांची, मधोमध सांधलेली. सागवानात तेल असतं. सांध्याचे पृष्ठभाग थिनरनं पुसून लगेच चिकटवले नाहीत तर डिंक वरवर धरतो आणि काही उन्हाळ्यांनंतर सांधा उघडतो. या सांध्यावरून नख फिरवलं तर कुठेही अडकत नाही, मागून बॅटरी धरली तरी रेघ दिसत नाही. लाकूडही मुरलेलं आहे. लकडगंजच्या वखारीत सागवान हवं तेवढं मिळतं, पण चौकटीसाठी ठीक असलेलं सगळंच लाकूड वाद्याला चालत नाही, आणि इथे कारागिरानं ती निवड नीट केलीय. नेकची खाच एका बाजूला अर्धा मिमी सैल आहे. दिसायला खटकतं, पण चारही स्क्रू घट्ट धरतात आणि नेक हलत नाही.

वजन ४.७ किलो. हे लपवण्यात अर्थ नाही. गणपतीतल्या किंवा भीमगीतांच्या कार्यक्रमात तीन-चार तास उभं राहून वाजवणाऱ्याला ८ ते ९ सेंटिमीटर रुंद पट्टा लागेल. जड बॉडीमुळे हेडस्टॉक खाली झुकत नाही, एवढा फायदा नक्की.

वायरिंग हा या बासचा सगळ्यात कच्चा भाग. पिकअप उत्तम आहेत, सोडवून मोजले तर पुढचा ७.४ आणि मागचा ७.७ किलोओहम. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असताना गुणगुण नाहीशी होते, म्हणजे एक पिकअप उलटा गुंडाळलेला आहे आणि जोडणी बरोबर आहे. एकच पिकअप उघडला की गुणगुण येते. सिंगल कॉइलमध्ये (एकाच गुंडाळीच्या पिकअपमध्ये) ती थोडी येणारच, पण इथे जास्त आहे. तारांना हात लावला की कमी होते, म्हणजे ब्रिजची अर्थ वायर शाबूत आहे आणि उणीव शिल्डिंगची (गुणगुण अडवणाऱ्या आवरणाची) आहे. कप्पा उघडला तर आत तांब्याची पट्टी नाहीच, आणि टोनच्या पॉटवर (बटणाखालच्या फिरत्या भागावर) सोल्डरचा राखाडी, दाणेदार गोळा बसलाय. तो सांधा कधीही सुटेल. एक व्हॉल्यूम फिरवताना खरखरतो, जॅक सैल आहे. २५० केचे नवे पॉट, ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, चांगला जॅक आणि तांब्याची चिकटपट्टी, एका दुपारचं काम.

आवाज भरदार आणि स्पष्ट. सागवानामुळे असा आवाज येतो, असं विकणारे सांगतात. आमच्या मते इलेक्ट्रिक बासमध्ये पिकअप, तारा आणि सेटअप यांचा वाटा लाकडापेक्षा कितीतरी मोठा असतो. मागचा पिकअप एकटा वाजवला की ढोलक आणि ऑक्टोपॅडच्या गर्दीतही प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो, आणि ऑर्केस्ट्रात हेच लागतं. जी तारेवर पाचव्या-सहाव्या फ्रेटला सूर लवकर विझतो. बोल्ट-ऑन (स्क्रूनं जोडलेल्या) नेकच्या कित्येक नामांकित बासमध्येही हेच आढळतं. हेडस्टॉकला छोटा क्लॅम्प लावला तर ती जागा सरकते. घेणाऱ्याला हे आधीच सांगावं. त्याला स्वतःला सापडलं तर बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास जातो.

किमतीचा हिशोब असा. फ्रेटचं काम ३ हजार, हाडाचा नट ८००, वायरिंग १,२००, ४५ ते १०५ गेजच्या नव्या तारा २,२०० धरल्या तर ७,२०० रुपये होतात. आहे त्या अवस्थेत ५५ जास्त आहेत. ४४ ते ४६ हा रास्त भाव. नट, वायरिंग आणि तारा विकणाऱ्यानं करून घेतल्या तर ५० मागायला हरकत नाही. फ्रेट मात्र तसेच ठेवावेत आणि खड्ड्यांचा जवळून काढलेला फोटो द्यावा. ताजे घासलेले फ्रेट पाहिले की किती धातू उरली असेल, ही शंका घेणाऱ्याच्या मनात येतेच.

फोटोंत पुढून, मागून, हेडस्टॉक, नेकची खाच, उघडलेला कप्पा आणि बिल एवढं तरी हवं. आवाजाची फाइल थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये रेकॉर्ड केलेली, कोणतीही प्रक्रिया न करता: प्रत्येक तार मोकळी ते बारावा फ्रेट, दोन्ही पिकअप वेगवेगळे.

नागपुरात बास घेणारे थोडे. बऱ्याच ऑर्केस्ट्रांत बासचं काम कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताकडे असतं. उरले कॉलेजचे बँड, चर्चमधले वादक आणि काही जुने ऑर्केस्ट्रावाले. म्हणून बाहेरच्यांनाही दाखवावा. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग इथून जातात, रायपूर किंवा भोपाळचा माणूस सकाळी येऊन संध्याकाळी परतू शकतो. भेट ॲम्प असलेल्या सरावाच्या खोलीत ठेवावी. पैसे यूपीआयनं येणार असतील तर लक्षात ठेवा: पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. समोरचा क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणाला की व्यवहार तिथेच थांबवा.

कुरिअरनं पाठवायचा झाला तर तारा एक-दोन सूर उतरवा, पूर्ण सोडू नका. ताण गेला की नेक मागे जाते. केसमध्ये हेडस्टॉकच्या खाली आणि दोन्ही बाजूंना फोम घाला, केस आणखी एका खोक्यात ठेवा, पूर्ण किमतीचा विमा काढा आणि मे महिन्यात पाठवूच नका. उन्हात उभ्या ट्रकमध्ये डिंकाचा सांधा मऊ पडतो.

पहिला बास घेणाऱ्या विद्यार्थ्यानं हा घेऊ नये, वजन आणि देखभाल दोन्ही त्याला जड जाईल. ट्रस रॉडसाठी वर्षातून दोनदा ॲलन की हातात घ्यायची तयारी असलेल्या वादकाला ४५ हजारांत अशी नेक नव्या वाद्यात मिळणार नाही.